तुकड्यांची बंगई

११ ऑगस्ट २०२३

वाटणी झाली. म्हणायचं म्हणून वाटणी. लाकूड कापायची आरा मशीन भाऊजींकडे, म्हणजे यांच्या थोरल्या भावाकडे, शेड भाऊजींकडे, नागपूर रोडवरची जागा भाऊजींकडे. आमच्या वाट्याला पांढुर्ण्यातलं हे राहतं घर आणि मशीनच्या मागे पडलेला तुकड्यांचा ढीग. पाडलेल्या घरांचे वासे, दारांच्या फळ्या, मोडक्या बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, साट्या, जुन्या जिनिंगच्या तुळयांची टोकं. सगळा साग, पण एकही तुकडा दोन हातांपुढे लांब नाही. मोठं लाकूड केव्हाच विकलं गेलं. उरलेलं सासऱ्यांनी "फेकू नोका" म्हणून साठवून ठेवलं होतं, ते आज आम्हाला मिळालं.

भाऊजी म्हणाले, मशीनचं लायसन एकाच नावावर बरं असते. मग यांच्याकडे न बघता म्हणाले, "विनायक, तसंही तुह्या मागं खाणारं कोण हाय?"

आम्हाला मूल नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. चार पंचांसमोर ते असं वापरता येतं, हे मला आज कळलं. मी डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी होते. भासऱ्यांसमोर, थोरल्या दिरासमोर, बोलायची आमच्यात रीत नाही आणि लग्न झाल्यापासून मी ती पाळली. आज मोडणार होते. तेवढ्यात यांनी मान हलवली आणि सही केली.

पाटीचं तर लिहायलाच हवं. 'हेमराज विनायक आरा मशीन' अशी पाटी सासऱ्यांनी सागाच्या फळीवर रंगवून घेतली होती. भाऊजींनी ती उतरवली, त्याच मशीनवर 'विनायक' तेवढं मधून कापून काढलं आणि उरलेली दोन टोकं भिडवून परत टांगली. कापलेला तुकडा ढिगावर टाकला. तुमच्या वाट्याचं लाकूड म्हणे.

रागाची माझ्याकडे कमी नाही, पण मी तारखा विसरते. म्हणून ही वही. यातलं काहीही विसरायचं नाही आणि फेडल्याशिवाय राहायचं नाही.

हे घरी आले, हातपाय धुतले, भाकर खाल्ली. मी विचारलं, "तुमाले काहीच वाटत नाई का?" तर म्हणाले, "वाटून काय करू?" माझा नवरा म्हणजे गाय आहे. यांच्या वाट्याचा रागही मलाच करावा लागतो.

१४ ऑगस्ट

ढीग ट्रॉलीत घालून घरी आणला. मागचं अंगण भरून गेलं. यांनी सगळ्यात आधी काय केलं तर तो 'विनायक'चा तुकडा शोधून काढला, पुसला आणि आपल्या कामाच्या बाकासमोर भिंतीवर ठोकला. मी म्हटलं, जाळा ना तो. म्हणाले, "राहू दे. समोर असलं त बरं."

अपमान कोणी भिंतीवर टांगतं का? साधेपणाला काही मर्यादा असावी.

२९ ऑगस्ट

ढिगाचं काय करायचं ते ठरलं. हे तुकडे जोडून फळ्या करणार. तुकड्यांच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या कापायच्या, टोकांना दाते पाडून लांबीला लांबी जोडायची, मग पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून गोंद लावायचा आणि शिकंज्यात आवळायच्या. सुकलं की रंधा. अशी रुंद फळी होते की बघणाऱ्याला वाटावं, केवढं झाड असेल. सध्या एवढं रुंद सागाचं लाकूड कुणाकडे नाही. भाऊजींकडेही नाही. मला एवढं पुरे आहे.

कामं वाटून घेतली. मी तुकड्यांवरून चुंबक फिरवून लपलेले खिळे काढते, मग पट्ट्या जमिनीवर ओळीत मांडते. रंग रंगाला मिळाला पाहिजे, रेषा रेषेला. शेवटी जुळवणीवर खडूने आडवी तिरपी रेघ मारते, म्हणजे ओळ चुकत नाही. मी मांडलेल्या ओळीला हे हात लावत नाहीत, आणि गोंदाला मी. जुळवणी माझी, जोड त्यांचा. पहिल्या दिवशीच तसं ठरलं.

१५ सप्टेंबर

आज गोटमार. सगळं बंद. नदीकडून गोंगाट ऐकू येत होता. या काठावरचे त्या काठावरच्यांना दगड मारतात, समोरासमोर, ढोल वाजवून. उद्या सगळे एकाच दवाखान्यात शेजारी शेजारी बसतील. मला वाटलं, बरं आहे यांचं. आमच्यासारखं नाही, मनातल्या मनात वर्षभर दगड मारत बसायचं.

हे दिवसभर पटाशी घासत बसले होते. इतकी कशाला घासावी ती.

६ ऑक्टोबर

पांढुर्णा जिल्हा झाला. पेढे वाटून राहिले सगळीकडे. ठेकेदार श्रीकांत येऊन म्हणाला, आता जुनी घरं पडतील आणि नवीन उठतील, तुम्ही तयारीत राहा काकू. दोन्हीकडून आपलाच फायदा आहे. जुन्याचे तुकडे आपल्याकडे येणार आणि नव्याला फळ्या आपल्या जाणार.

२० ऑक्टोबर

दुपारी अंगणात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. पाहिलं तर पहिली फळी उभी फाटलेली. मी रडायच्या बेतात. हे मात्र शांतपणे बसून फाटलेली जागा बोटाने चाचपत होते.

"ही पट्टी ढिगाच्या खालची व्हय," म्हणाले. "पावसाचं पाणी पिऊन बसली होती. ओली पट्टी सुकताना आखडते. शेजारचीले सोडत नाई आन आपणही जागेवर राहात नाई. मंग फाटते."

"दिसत नाई का आधी?"

"डोळ्याले नाई दिसत. हातात जड लागते. वाजवली त बद्द बोलते."

त्यांनी मला वाजवून दाखवलं. सुकी पट्टी बोटाच्या पेराने ठोकली की टणक वाजते, ओली बद्द. तेव्हापासून गोंद लावायच्या आधी हे प्रत्येक पट्टी वाजवून बघतात. का कोण जाणे, मला हे ज्ञान फार आवडलं.

१८ नोव्हेंबर

दिवाळी झाली. श्रीकांतने जेवणाच्या टेबलाच्या फळ्या नेल्या, दारांच्या नेल्या, आणखी मागितल्या. लोधीखेड्याहून एक जण नुसता बघायला आला होता. रुंद फळीवरून हात फिरवत म्हणाला, विनायकभाऊ, जोड सापडत नाई. हे हसले. यांना असं हसताना वाटणीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. बाजारात आता यांच्या हाताचं नाव निघतं. भाऊजींच्या कानावर गेलंच असेल. जावो. रोज जावो.

२३ डिसेंबर

भाऊजी आले. वाटणीनंतर पहिल्यांदा, तेही एकटे, सोबत संत्र्यांचं खोकं. वाळलेले दिसले. प्रणालीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, मागे फोनवर सांगितलं होतं की बाबांना छातीसाठी नागपूरला दाखवलं. ही पोर माझ्याकडेच वाढलेली, सगळं मला सांगते. मी आत स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते.

खुर्ची दिली तर बसले नाहीत. तुकड्यांच्या ढिगावर बसले. बसले ते बसलेच, एकेक तुकडा उचलून बघत. "ही आपल्या जुन्या बंडीची साटी व्हय ना रे?" हे म्हणाले, व्हय.

मग म्हणाले, "सौंसरले घर बांधलं, विनायक. हॉलमध्ये बंगई पायजे. बाबा झोके घेत बसत तशी."

"बाबाची एका फळीची होती," हे म्हणाले.

"तसं लाकूड आता कुठं हाय? तुकड्याची चालन. तुह्या हातची पायजे." तुकडा ढिगावर ठेवत म्हणाले, "घरात सांगजो, घाई नाई म्हणा."

घरात म्हणजे मला. निघताना त्या पाटीच्या तुकड्यासमोर बराच वेळ उभे होते. चपला घालताना डाव्याची उजव्या पायात घातली आणि तसेच फाटकापर्यंत गेले.

काय हिंमत आहे बघा. ज्या तुकड्यांवर आम्हाला टाकलं, ते तुकडे किती कामाचे निघाले ते बघायला आले. आणि आता त्यावर बूड टेकवून झोके घ्यायचे आहेत. मी संत्र्यांचं अख्खं खोकं शेजारच्या गाईपुढे रिकामं केलं. यांनीही एक तोंडात घातलं नाही, एरवी संत्र्यासाठी जीव टाकतात. पोट बिघडलं असेल.

मी म्हटलं, नाही म्हणून सांगा. म्हणाले, "कायले? करू ना." गाय, दुसरं काय.

९ जानेवारी २०२४

मनात आलेलं लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते.

तिगावला माझ्या भावाच्या, कवडूच्या, बागेच्या धुऱ्यावरचं सागाचं झाड परवा पाडलं. ओलंचिंब लाकूड. त्याची एक पट्टी बंगईत मधोमध गेली, तर आत्ता थंडीत कुणाला कळणार नाही. उन्हाळा लागला की ती आखडत जाईल, आतल्या आत. आणि नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत, घर बघायला आलेल्या माणसांनी हॉल भरलेला असताना, बंगई मधून दुभंगेल. लाकडाचे जाणकार, आरा मशीनचे मालक हेमराजभाऊजी फरशीवर. मग विचारीन मनातल्या मनात, आता तुमच्या मागं कोण हाय?

हाड मोडावं असं माझ्या मनात नाही. थोडं आहे.

१७ जानेवारी

तिगावहून लाकूड आणलं, गोणपाटात गुंडाळून, वर मेथी. गाडीत एका बाईने विचारलं, एवढी जड मेथी? मी म्हटलं, आमच्याकडची अशीच असते. कवडूला सांगितलं, पोळपाट करायचा आहे. यांना काहीच सांगितलं नाही. कळलं तर हे दादा दादा करत सगळं सांगून मोकळे होतील.

हे श्रीकांतकडे गेले तेव्हा शेजारच्या सुताराकडून त्याची पट्टी कापून घेतली. ताजा साग फिकट हिरवट दिसतो, म्हणून चुन्याचं पाणी लावलं, मग चहाचं, मग परत चुन्याचं. आता जुन्यात ठेवली तर मलाही शोधावी लागते.

२ फेब्रुवारी

लावली.

सकाळी मी बंगईची ओळ मांडली. साट्यांचे तुकडे, दारांचे, तुळयांचे. इतकी सुंदर जुळवणी मी अजून केली नव्हती, रेषा पाण्यासारख्या एकीतून दुसरीत जात होत्या. ओली पट्टी बरोबर मधोमध. खडूची रेघ मारली आणि भाजी चिरायचं निमित्त करून दारात बसले.

हे आले. एकेक पट्टी उचलून वाजवू लागले. ती पट्टी हातात घेतली, ठोकली. थांबले. पुन्हा ठोकली. मग भिंतीकडे बघत उभे राहिले, पट्टी हातातच. मला वाटलं संपलं सगळं. तर म्हणाले, "पंखा बंद कर, गोंद लवकर सुकते." आणि तिला दोन्ही बाजूंनी गोंद लावला. भरपूर लावला, एरवी एवढा लावत नाहीत.

कळलं नाही त्यांना. वयाने हात बोथट होतो म्हणतात ते खरं असावं. मला क्षणभर वाईट वाटलं त्यांचं.

नशीबही माझ्या बाजूने दिसतंय. बंगईच्या खाली आधाराला हे नेहमी दोन आडव्या पट्ट्या ठोकतात. या वेळी ठोकल्या नाहीत. मी कशाला विचारू? मीच विचारलं तर संशय. तेच म्हणाले, "दादाले खालून साफ पायजे." भाऊजी असं कधी म्हणाले ते मी ऐकलं नाही. फोनवर म्हणाले असतील.

२५ फेब्रुवारी

सौंसरला वास्तू झाली. जावंच लागलं. बंगई हॉलच्या मधोमध, पितळी कड्यांना टांगलेली. येणारा प्रत्येक जण आधी तिच्यावर हात फिरवत होता. भाऊजी प्रत्येकाला सांगत होते, "माह्या भावाच्या हातची हाय." घास घशात अडकेल असं गोड बोलत होते. मशीनवरून नाव कापलं आणि आता बंगईवर मिरवतात.

प्रणालीने मला ओढत नेलं. "काकू, बस ना माह्यापाशी." बसले. देवाचं नाव घेत बसले. पोरगी झोका देत होती आणि मी मनात म्हणत होते, आज नको, आज नको.

जाऊबाई एक साडी देऊ लागल्या. रंग मला आवडतो तोच होता. घेतली, काय करणार.

६ एप्रिल

ऊन चढलं. प्रणालीला फोन केला, सहज म्हणून.

"बंगई कशी हाय गं?"

"मस्त हाय काकू."

"काही करकर वाजते का?"

"नाई ना. काऊन?"

म्हटलं, कड्यांना तेल घालत जा.

१ मे

पुन्हा फोन. मस्त हाय काकू. बाबा दिवसभर तिच्यावरच राहतात, कूलर समोरच लावून घेतला त्याइनं.

कूलर! आता समजलं. त्या मेल्या कूलरचं ओलं वारं दिवसभर बंगईवर. पट्टी सुकणार कशी? बाहेर डांबर वितळून राहिलं आणि माझी पट्टी खसाच्या वासात आराम करते आहे. त्या माणसाचं नशीबच जोरावर. मी म्हटलं, "कूलरचं वारं सरळ छातीवर घेऊ नये म्हणा बाबाले. बाधते." पोरगी म्हणाली, "काकू, तुले किती काळजी हाय ना बाबाची."

यांना सांगितलं, कूलर लावला म्हणे समोर. हे जेवत होते. "अस्सं," म्हणाले, आणि नेहमीपेक्षा एक भाकर कमी खाल्ली.

२९ मे

झालं.

नवतपा लागला आणि सौंसरला त्यांच्या गल्लीतली डीपी जळाली. लाईट नाही, कूलर बंद, घर भट्टीसारखं. काल दुपारी भाऊजी बंगईवर लवंडले होते. फाडकन आवाज झाला आणि बंगई मधून उघडली. पाठीच्या खालच्या टोकावर आपटले. प्रणाली फोनवर रडत होती. नागपूरला फोटो काढला, हाड चिरलं आहे. छातीचं काही झालं नाही. पालथं पडून राहायला सांगितलं आहे.

फोन ठेवून मी देवापाशी साखर ठेवली. या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून लिहिते. मला आनंद झाला. पोटातून वर आला, उकळी फुटावी तसा.

यांना सांगितलं. हे रंधा मारत होते. रंधा थांबला. "लागलं का लय?" विचारलं. मी सांगितलं. "अस्सं," म्हणाले आणि पुन्हा रंधा सुरू.

१ जून

सौंसरला जाऊन आलो. हे सगळं नीट लिहायला हवं.

भाऊजी हॉलमध्ये खाटेवर पालथे पडलेले. शेजारी बंगईचे दोन भाग कड्यांना तसेच लोंबत होते. बघायला आलेल्यांतला एक जण म्हणाला, "तुकड्याची होती ना. मंग काय होईन दुसरं." मला वाटलं, आता. आता भाऊजी बोलतील, आता बाजारभर होईल.

भाऊजी मान वळवून म्हणाले, "तुकड्याचा दोष नाई. पोरीनं तिच्यावर ओल्या गोधड्या वाळू घातल्या होत्या. म्याच सांगतलं होतं."

प्रणाली म्हणाली, "बाबा, गोधड्या कवा..."

"चूप राय."

लाकडात जन्म गेलेला माणूस. फाटलेली जागा त्यांच्या नाकासमोर लोंबत होती. मधल्या पट्टीचा फिका हिरवा गाभा मला दारातून दिसला, त्यांना दिसला नसेल? चार लोकांसमोर त्यांनी भावाच्या हाताचं नाव वाचवलं. माझ्या अंगाची आग झाली. शिव्या दिल्या असत्या तर मी घरी येऊन पुरणपोळी केली असती.

हे खाटेपाशी खाली बसले. "माह्या हातचं चुकलं, दादा."

"होते," भाऊजी म्हणाले. "दुसरी कर. पण तूच करजो, दुसऱ्याले देऊ नोको." मग माझ्याकडे बघून बोलले. यांच्याकडे नाही, सरळ माझ्याकडे, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. "स्मिता, जुळवणी तू करतं म्हणे. मस्त जुळवतं." आणि जरा वेळाने, उशीत तोंड घालून, "त्या दिवशी म्या बोललो ते बोलाचं नव्हतं."

मी पदर पुढे ओढला. ज्या वाक्यासाठी मी दहा महिने जळले, ते त्यांनी पालथं पडल्या पडल्या मागे घेतलं. माझ्या हाती काही राहू दिलं नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. संत्र्यांच्या बागा मागे पडत होत्या. मी म्हटलं, "तुम्ही कायले म्हटलं माह्या हातचं चुकलं? तुमचं नाव खराब झालं ना उगाच."

"उगाच काऊन? म्याच त लावली."

"काय लावली?"

"ओली पट्टी. तू नुसती ठेवली होती. लावली म्या."

बस थांबली, माणसं चढली, उतरली. "तुमाले माहीत होतं?"

"बद्द बोलली ना ती. दोनदा वाजवली." खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आडव्या पट्ट्या कोणं सोडल्या मंग? दादानं कुठं सांगतलं होतं साफ पायजे म्हणून."

आधी मला हसू आलं. मग राग आला, कारण हा सूड माझा होता आणि यांनी तो आपल्या नावावर करून घेतला. हाताला एवढं नाव मिळालं होतं, ते जाईल हे माहीत असून लावली. मग मी यांच्याकडे नीट पाहिलं. वाटणीच्या दिवशी भाकर खाताना चेहरा होता तसाच होता. तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाला राग येत नाही.

९ जून

गोधड्यांच्या त्या एका खोट्याने माझा राग नासवला. मी तो पुन्हा विरजायचा प्रयत्न करते, पाटी आठवते, पंच आठवतात, पण जमत नाही. मध्येच भाऊजींची उलटी चप्पल आठवते. चिडचिड होते नुसती.

यांना म्हटलं, झालं आता. दुसरी बंगई नीट करून देऊ. हे पटाशी घासू लागले. दुपारी म्हणाले, "तिगावले जाऊन येतो, कवडूभाऊ बोलावून राहिला." आंबे द्यायला बोलावलं असेल.

१६ जून

दुसऱ्या बंगईची जुळवणी काल पूर्ण केली. प्रत्येक पट्टी मीच वाजवून घेतली, टणक बोलली तीच ठेवली. खडूची रेघ मारली आणि झाकून ठेवली.

आज सकाळी गोणपाट काढलं तर खडूची रेघ मध्ये तुटलेली. एका पट्टीवर रेघच नाही. रंग बरोबर होता, रेषाही बरोबर होत्या, माझ्याहून चांगल्या जुळवलेल्या. उचलली तर जड. वाजवली तर बद्द. आंबे कुठे आले होते तिगावहून? मला विचारायचं सुचलंच नव्हतं.

माझ्या ओळीला यांनी आजवर कधी हात लावला नव्हता.

मी पट्टी काढून बाजूला ठेवली. हे चहा पिऊन आले, ती उचलली आणि जिथे होती तिथे परत ठेवली. सावकाश, दोन्ही बाजूंना सारखी करून.

"पुरे ना आता," मी म्हटलं. "भाऊजीनं शब्द मागं घेतला. छातीचं दुखणं हाय त्याइले. आन प्रणाली बसते तिच्यावर."

"तुहं झालं," हे म्हणाले. आवाज नेहमीचाच, मीठ मागावं तसा. "माहं कुठं झालं?"

गोंदाचा डबा उघडायला घेतला. मी तो हातातून ओढला आणि मोरीत ओतला. हे रागावले नाहीत. शर्ट घातला, नवीन डबा आणतो म्हणाले आणि बाजारात गेले.

त्या पट्टीचे मी कुऱ्हाडीने तुकडे केले. भाऊजींना फोन करून सांगावं असं मनात आलं, पण काय सांगू? की आधीची मी ठेवली होती? आता अंगणात, ओळीच्या मधोमध, पट्ट्यांवर बसून हे लिहिते आहे. आडव्या पट्ट्या आज मीच ठोकणार, स्क्रू घेऊन बसले आहे. ज्या माणसाने फरशीवर आपटावं म्हणून मी मेथीखाली लाकूड लपवून आणलं, त्याच्याच बंगईची आता मी राखण करते आहे. आणि माझ्या नवऱ्याला लाकूड माझ्यापेक्षा चांगलं कळतं. फाटक वाजलं. डबा घेऊन आले वाटतं.